शब्द माहीत आहेत, वाक्य निघत नाही

प्रश्न : सर, मी नेर तालुक्यातल्या एका गावात कृषी सेवा केंद्र चालवते. वय 37, शिक्षण बारावी, मराठी माध्यम. पहाटे साडेपाचला उठते, स्वयंपाक, मुलांचे डबे, मग 9 ते 8 दुकान. कंपनीचा माणूस इंग्रजीत बोलतो. मला बरंचसं समजतं, पण उत्तर हिंदीत निघतं, नाहीतर निघतच नाही. यवतमाळचा क्लास लावला तर दिवस मोडतो. आधी व्याकरण पक्कं करू का? या वयात जमेल का?

उत्तर : ताई, जमेल. व्याकरणाचं पुस्तक मात्र सध्या कपाटात ठेवा.

मी वर्धा जिल्ह्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो. पहिली 14 वर्षं मला ते बोलता येत नव्हतं. काळांचा अख्खा तक्ता फळ्यावर न बघता लिहायचो. एका रविवारी सेवाग्राम आश्रमात एका परदेशी बाईंनी मला विचारलं, बापू कुटी कशाची बांधली आहे? माती, बांबू, कवेलू, तिन्हींचे इंग्रजी शब्द मला येत होते. वाक्य निघालं नाही. त्या थोडं थांबल्या आणि पुढे गेल्या. ते मला फार लागलं. त्याच रात्री वहीत पाच वाक्यं लिहिली. ‘गांधीजी केम हिअर इन नाइन्टीन थर्टी-सिक्स.’ ‘द वॉल्स आर मेड ऑफ मड.’ अशीच साधी. आठवडाभर शाळेत जाताना सायकलवर मोठ्यानं म्हटली. पुढच्या रविवारी आश्रमात त्यातली तीन निघाली. मग दर आठवड्याला दोन नवी. मी बोलायला शिकलो तो असा, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी.

तुमच्याकडे दुकान आहे, तिथूनच सुरू करा. ‘व्हेन विल द स्टॉक कम?’ ‘हाऊ मेनी बॅग्ज आर लेफ्ट?’ ‘व्हॉट इज द डोस फॉर वन पंप?’ औषधाच्या डब्यावरचा रंगीत चौकोन तर तुम्ही रोज पाहता. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. ‘रेड इज द मोस्ट पॉयझनस.’ ‘डू नॉट स्प्रे अगेन्स्ट द विंड.’ 2017 साली फवारणीच्या विषबाधेत आपल्या यवतमाळ जिल्ह्यातली किती माणसं गेली, हे तुम्हाला सांगायला नको. डब्यावरचं इंग्रजी तुम्हाला वाचता-बोलता आलं, तर गिऱ्हाइकाला तेच वऱ्हाडीत समजावून सांगाल. मला तुमच्या इंग्रजीचा हा उपयोग सगळ्यांत मोठा वाटतो.

वेगळा वेळ काढू नका, तो निघत नाही. पोळ्या लाटताना दहा मिनिटं म्हणा, पण मोठ्यानं. मनातल्या मनात म्हटलेलं तोंडाला वळण लावत नाही. रविवारी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा आणि पुढच्या रविवारी ऐका.

व्याकरणाचं म्हणाल, तर थोडं तुमच्या बोलीतच आहे. ‘मी दुकानात जाऊन राहिली’, हेच ‘आय ॲम गोइंग टू द शॉप’. पण ‘मले दोन पोरं असून राहिले’ असं आपण म्हणतो का? नाही. म्हणून तिथे ‘आय ॲम हॅविंग’ नको, ‘आय हॅव टू चिल्ड्रन’. आणि आपलं क्रियापद शेवटी बसतं, त्यांचं मध्ये. ‘मी बियाणं विकते’, ‘आय सेल सीड्स’. एवढ्यावर तीन महिने निघतील. पन्नासेक वाक्यं तोंडात बसली की मग क्लासचं बघू.

कंपनीच्या माणसाला पहिलं वाक्य हे म्हणा : ‘प्लीज स्पीक स्लोली.’ तो नक्की थांबेल. तुमची पहिली दहा वाक्यं मला लिहून पाठवा. चुकलेली खोडू नका, तशीच पाठवा.