लग्नावरून ग्रीन कार्ड करणार असशील तर आधी कागद बघ

अगं नवरा अमेरिकन सिटिझन आहे म्हणजे लगेच जाता येईल असं नसतंय, आधी त्याने तिकडून आय-१३० म्हणजे बायकोसाठीचा अर्ज भरायचा, तो मंजूर झाला की केस एनव्हीसीकडे म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, तिथं फी, डीएस-२६० म्हणजे तुझा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, त्याचा आय-८६४ म्हणजे उत्पन्नाची हमी, आणि मग मेडिकल आणि इंटरव्ह्यू मुंबईत.

पण खरं काम साताऱ्यातच आहे. जन्मदाखला आत्ताच काढून बघ, जुन्या दाखल्यांवर बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं, नुसतं "मुलगी" आणि आईवडिलांची नावं, तसं असेल तर नगरपालिकेत नाव घालून घे. लग्नाची पत्रिका चालत नाही, नोंदणीचा दाखलाच लागतो, आणि दाखल्यावर, पासपोर्टवर, आधारवर नावाचं स्पेलिंग एकेक अक्षर लावून बघ. मराठी कागदांचं प्रमाणित इंग्लिश भाषांतर जोड. पीसीसी म्हणजे पोलीस क्लिअरन्सचा दाखला पासपोर्ट ऑफिसचाच काढ, पोलीस स्टेशनचा नको.

लग्न खरं आहे हे दाखवायला फोटो फक्त लग्नाच्या हॉलमधले देऊ नको गं, दोघांचे कॉल, प्रवास, पैसे पाठवल्याचे पुरावे आत्तापासून ठेवत जा.

कुणी म्हणेल टुरिस्ट व्हिसावर जा आणि तिकडंच रहा, अजिबात ऐकू नको, व्हिसा घेताना मनात राहायचंच होतं असं दिसलं तर ते खोटं सांगणं धरतात, पुढं फार जड जातं.

तिकडं पोचशील तेव्हा लग्नाला २ वर्षं झाली नसतील तर कार्ड २ वर्षांचंच मिळतं, ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ म्हणजे कार्डावरची ही अट काढायचा अर्ज भरायचा, ही तारीख आजच नवऱ्याला सांगून ठेव.