तपासणीत साखर निघाली, तर नोकरीचे काय?

कंपनीच्या आरोग्य तपासणीत साखर किंवा बीपी निघाले तर कामावरून काढतील का, हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा आपल्या आजाराची शंका आधीच आलेली असते.

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत एका फाउंड्रीत भट्टीवर काम करणारे ४६ वर्षांचे गृहस्थ (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) तपासणीच्या दिवशी दांडी मारायचे ठरवूनच माझ्याकडे आले होते. संमतीचा कोरा फॉर्म चार घड्या घालून खिशात ठेवलेला होता. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागे, तोंडाला कोरड पडे. पत्नीने विचारलेच तर ‘भट्टीपुढे घाम जातो, म्हणून पाणी जास्त पितो’ हे उत्तर त्यांनी तयार ठेवले होते.

त्यांची भीती मात्र निराधार नव्हती. मागच्या शिबिरानंतर नावे आणि आकडे लिहिलेली यादी सुपरवायझरच्या टेबलावर उघडी पडून होती आणि चहाच्या सुट्टीत त्यावरून एकाची चेष्टाही झाली होती. म्हणजे त्यांना आजारापेक्षा यादीचा धसका अधिक होता, आणि आजार आहे का व तो कोणाला कळणार या दोन प्रश्नांची त्यांनी एकच गाठ मारून ठेवली होती.

दुसरा प्रश्न आम्ही आधी घेतला. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार वैद्यकीय नोंदी संवेदनशील वैयक्तिक माहितीत मोडतात. व्यवस्थापनाला माणूस त्या कामासाठी योग्य आहे की नाही एवढे कळले तरी पुरते. तेव्हा सविस्तर अहवाल बंद पाकिटात फक्त कामगाराच्या हाती द्यावा, असा दोन ओळींचा अर्ज त्यांनी केला आणि तो मान्यही झाला. कायम कामगार असल्यामुळे त्यांना हे जमले. कंत्राटी कामगाराला मी असा दिलासा देत नाही, कारण पुढच्या करारातून नाव गळाले तर खरे कारण सिद्ध करणे फार कठीण जाते. त्याने सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, तिथे तिशीपुढच्या सर्वांसाठी साखर आणि रक्तदाबाची तपासणी मोफत असते.

शिबिरात बोट टोचून घेतलेली साखर जास्त आली. तेवढ्यावर निदान होत नसल्याने प्रयोगशाळेत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करून घेतली, ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक आले की मधुमेह धरतात, त्यांचे ८.१ आले. मिरजेच्या डॉक्टरांकडे जाताना स्वतःचे काम सविस्तर सांगा, असे मी त्यांना बजावले होते, कारण मधुमेहाच्या काही गोळ्यांनी साखर एकदम खाली येऊ शकते आणि रात्रपाळीत, जेवणाची वेळ चुकलेली असताना वितळलेल्या लोखंडाशेजारी चक्कर येणे जिवावर बेतू शकते. (रुग्ण हे सांगत नाहीत आणि डॉक्टरही क्वचितच विचारतात.) डॉक्टरांनी सुरुवात मेटफॉर्मिनने केली, एकट्या त्या गोळीने साखर सहसा धोकादायक उतरत नाही. पत्नीने रात्रपाळीचा डबा दोन वेळांचा करून दिला.

कारखान्यात त्यांनी हे स्वतःहून एकाच माणसाला सांगितले, भट्टीवरच्या जोडीदाराला. पुढे औषध बदलले तर ग्लुकोजची पुडी कोणत्या खिशात असते हे त्याला ठाऊक असावे म्हणून.