मित्राच्या घरात बंदूक असेल तर?

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला शाळेतल्या मित्राने शनिवारी रात्री मुक्कामाला बोलावले आहे. मित्राचे वडील शिकारीला जातात, म्हणजे घरात बंदुका असणारच. त्या कशा ठेवल्या आहेत हे विचारावेसे वाटते, पण ‘त्यांना राग येईल’ असे आमच्या घरचे म्हणतात. इथला कायदा काय सांगतो?
— एक आई, नोव्हाय (मिशिगन)

उत्तर : जरूर विचारा. मिशिगनमध्ये १३ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, ज्या घरात अठरा वर्षांखालील मूल आहे किंवा येण्याची शक्यता आहे, तिथे मालकाने लक्षाबाहेर राहणारी बंदूक एकतर कुलूपबंद पेटीत ठेवली पाहिजे किंवा गोळ्या काढून तिला कुलूप घातले पाहिजे. पाहुणे आलेले मूलही यात मोडते, म्हणजे तुमच्या मुलाला बोलावणे धाडले तेव्हाच ही जबाबदारी त्यांच्यावर आली. निष्काळजीपणे ठेवलेली बंदूक मुलाच्या हाती लागून कोणाचा, अगदी त्या मुलाचा स्वतःचाही, जीव गेला, तर मालकाला पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. पालकांच्या परवानगीने आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली मुलाने शिकारीसाठी किंवा नेमबाजीसाठी बंदूक वापरणे मात्र कायद्याला मान्य आहे, त्यामुळे शिकारीला जाणाऱ्या कुटुंबाला तुमच्या प्रश्नात आरोप दिसण्याचे कारण नाही.

हा कायदा कशातून आला, हे तुमच्याच ओकलंड काउंटीत सर्वांना ठाऊक आहे. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी इथल्याच ऑक्सफर्ड गावच्या हायस्कूलमध्ये पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने पिस्तुलाने चार मुलांचा जीव घेतला. ते पिस्तूल त्याच्या वडिलांनी अवघे चार दिवस आधी विकत घेतले होते. परवानाधारक दुकानदाराला एकवीस वर्षांखालील कोणालाही पिस्तूल विकता येत नाही, हा केंद्रीय नियम १९६८ पासून आहे. पण दुकानात अडवलेली वस्तू घरातल्या कप्प्यातून मिळत असेल, तर त्या नियमाचा काय उपयोग? वडिलांवरच्या खटल्यात सरकारी वकिलांनी केबलचे कुलूप हातात घेऊन, ते पिस्तुलातून ओवून बंद करायला किती थोडे सेकंद लागतात, हे ज्यूरीसमोर करून दाखवले. नवा कायदा तेव्हा नव्हता, तरीही आई आणि वडील दोघेही सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरले आणि एप्रिल २०२४ मध्ये प्रत्येकी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली.

कायदा कितीही कडक असला तरी कुलूप खरोखर लावले आहे का, हे पाहायला पोलीस घरोघर फिरत नाहीत. ते विचारणे तुमच्याच हाती आहे. ‘त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे’ हे जितक्या सहजपणे सांगाल, तितक्याच सहजपणे, शनिवारची वाट न पाहता, मित्राच्या आईला फोनवर विचारा : बंदुका कुलपात आहेत ना, आणि किल्ली किंवा आकडा मुलांना माहीत नाही ना? उत्तर टाळले गेले, तर त्या मुलालाच तुमच्याकडे मुक्कामाला बोलवा.