भूतानच्या पर्यटक कराचा तिथल्या छोट्या धंद्यांवर काय परिणाम झाला? कोकणात तसा कर आला तर?

तुम्ही विचारलंय की तुमच्या गावात पर्यटकांकडून माणशी, दर मुक्कामामागे कर घ्यायची चर्चा चालू आहे, बैठकीत सगळे भूतानचं उदाहरण देतात, तर तिथल्या लॉजवाल्यांचं, टॅक्सीवाल्यांचं, दुकानदारांचं प्रत्यक्षात काय झालं. भूतानच्या सहली बसवणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून हिशेबासकट सांगतो. कर किती आहे यापेक्षा तो कशावर मोजला जातो आणि कोणाच्या हातून वसूल होतो, यावर छोट्या माणसाचं नफा-नुकसान ठरतं. बैठकीत मात्र चर्चा आकड्याचीच होते.

आधी भूतानची रचना समजून घ्या, कारण ती बहुतेकांना अर्धीच माहीत असते. 2022 पर्यंत युरोप-अमेरिकेच्या पर्यटकाला हंगामात रोजचे किमान 250 डॉलर आणि बिगरहंगामात 200 डॉलर भरावे लागत. पण हा सगळा कर नव्हता. त्यातले 65 डॉलर सरकारचे. उरलेल्या पैशांत थ्री-स्टार दर्जाचं हॉटेल, जेवण, गाडी, गाइड सगळं आलं. म्हणजे स्थानिक एजंट, हॉटेलवाला आणि ड्रायव्हर यांच्यासाठी तो बांधलेला किमान भाव होता. काही एजंट आतून सूट देऊन तो मोडायचे, हेही खरं. भारतीयांना तर काहीच द्यावं लागत नव्हतं.

23 सप्टेंबर 2022 ला सीमा पुन्हा उघडली तेव्हा हे सगळं बदललं. डॉलरवाल्या पर्यटकाला रात्रीमागे 200 डॉलर लागू झाले आणि ते पूर्णच्या पूर्ण सरकारजमा. किमान पॅकेज रद्द. हॉटेल, गाडी, गाइड यांचा खर्च वेगळा. भारतीयांना माणशी रात्रीमागे 1,200 रुपये, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना निम्मे, त्याहून लहानांना माफ. यालाच एसडीएफ (सस्टेनेबल डेव्हलपमेंट फी, म्हणजे शाश्वत विकास शुल्क) म्हणतात.

आता एका कुटुंबाचा हिशेब करू. पुण्याहून आई-वडील, एक 9 वर्षांचं मूल आणि एक 4 वर्षांचं, असे चौघं 6 रात्रींसाठी गेले. मोठ्यांचे 14,400, मुलाचे 3,600, एकूण 18,000 रुपये कर. रात्रीला 3,000. हे कुटुंब विमानतळ असलेल्या पारोत 2,500 रुपयांच्या खोलीत उतरलं तर कर भाड्यापेक्षा जास्त झाला. तेच कुटुंब 25,000 च्या रिसॉर्टमध्ये उतरलं तर कर भाड्याच्या 12 टक्के. रिसॉर्टच्या गिऱ्हाइकाला तो जाणवतही नाही. 2,500 च्या खोलीचं गिऱ्हाईक मात्र तिथेच विचार बदलतं, दार्जिलिंग-गंगटोककडे वळतं, नाहीतर सहा रात्रींच्या चार करतं. ठोक रकमेचा, माणशी, रात्रीवर मोजलेला कर हा स्वस्त खोलीवरचा कर असतो. तुमच्या बैठकीत दुसरं काही नाही तरी एवढी आकडेमोड फळ्यावर नक्की लिहून दाखवा.

दुसरा फटका बसतो मुक्कामाच्या लांबीला. कर रात्रीवर असला की माणूस सहल रद्द करण्याआधी शेवटच्या रात्री कापतो. भूतानमध्ये त्या शेवटच्या रात्री म्हणजे बुमथांग, त्राशिगांग, पूर्वेकडचे होमस्टे. पारो, थिंफू आणि पुनाखा ही तीन ठिकाणं कोणी सोडत नाही. त्यामुळे विमानतळाजवळच्या धंद्याला जेवढा फटका बसला, त्याहून जास्त आतल्या गावांना बसला. ट्रेकचं तर विचारूच नका. स्नोमॅन ट्रेक साधारण 25 दिवसांचा, म्हणजे 200 डॉलरच्या दराने माणशी 5,000 डॉलर नुसता कर. अशा ट्रेकवर सामान वाहणारी घोडी, याक, स्वयंपाकी, मदतनीस हे सगळे लुनाना आणि लाया या दूरच्या डोंगरी भागातले. त्यांच्याकडे दुसरं गिऱ्हाईकच नाही.

सरकारच्याही हे लक्षात आलं. जून 2023 मध्ये डॉलरवाल्यांसाठी योजना काढली: 4 दिवसांचा कर भरा, आणखी 4 दिवस बिनकराचे राहा; 7 वर 7; 12 वर 18. म्हणजे लांब मुक्काम स्वस्त. माझ्या मते ही त्या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शहाणी कल्पना होती, कारण तिने नेमकी दूरच्या गावांची जखम धरली होती. पण लगेच सप्टेंबर 2023 पासून दरच 100 डॉलरवर आणला, तो ऑगस्ट 2027 पर्यंत. भारतीयांचे 1,200 तसेच राहिले.

पर्यटकांचे आकडे बघा. 2019 मध्ये सुमारे 3 लाख 15 हजार आले होते, त्यात सव्वादोन लाखांहून जास्त भारतीय. 2023 मध्ये साधारण 1 लाख 3 हजार, 2024 मध्ये 1 लाख 45 हजार. पण ही सगळी घट करामुळे झाली असं कोणी सांगितलं तर मानू नका. मार्च 2020 पासून अडीच वर्षं सीमा बंद होती, विमानं मोजकी, आणि हॉटेलात काम करणारी तरुण पोरं मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाला निघून गेली. कराने सावरायचा वेग कमी केला, हे मात्र धंद्यातला कोणीही सांगेल.

फायदा कोणाला झाला तेही सांगायला हवं. परदेशी (म्हणजे भारतीयसुद्धा) नंबरची गाडी सीमेवरच्या फुएन्शोलिंग गावाच्या पुढे न्यायची तर दिवसाला 4,500 रुपये लागतात. त्यामुळे सिलिगुडी-जयगावच्या गाड्यांचं काम गेलं आणि ते भूतानी टॅक्सीवाल्याला मिळालं. गाइड लोकांचं कामही वाढलं, कारण पारो-थिंफूच्या पुढे गाइड घ्यावाच लागतो. तोटा झाला तो प्रमाणपत्र नसलेल्या साध्या लॉजना, कारण पर्यटकांनी प्रमाणित ठिकाणीच उतरायचं असा नियम त्याच वेळी आला. त्या लॉजचं गिऱ्हाईक म्हणजे जवळजवळ सगळे भारतीयच होते. कर आणि नियम एकदम आले की लॉजवाल्याला दोन्हीकडून मार बसतो. दुकानदारांचं दुखणं आणखी वेगळं. पर्यटकाच्या खर्चात खरेदी सगळ्यात शेवटी येते. 18,000 रुपये आधीच ऑनलाइन भरून आलेला माणूस हॉटेल आणि गाडी सोडू शकत नाही, म्हणून तो लाकडी मुखवटा, विणलेला कपडा, गवती चहाचं तेल सोडतो.

सीमेवरचा एक बारकावा तुमच्या कामाचा आहे. फुएन्शोलिंग गावातच राहणाऱ्याला पहिल्या 24 तासांचा कर माफ असतो. पुढे जाणाऱ्यांची मात्र रात्रीवर मोजणी असल्याने त्यातले अनेक जण आदल्या रात्री अलीकडे, भारतात जयगावला झोपतात आणि सकाळी लवकर आत शिरतात. एक रात्र वाचते. कराची हद्द जिथे संपते तिथे पलीकडे लॉज वाढतात, हे कुठेही होणार. तुमच्या गावाने कर लावला आणि खाडीपलीकडच्या गावाने नाही लावला, तर पर्यटक दिवसभर तुमच्या किनाऱ्यावर बसेल आणि झोपायला तिकडे जाईल. कचरा तुमचा, भाडं त्यांचं.

म्हणून बैठकीत पुढच्या गोष्टी धरून ठेवा. पहिली, कर भाड्याच्या टक्क्यात मागा. स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहराने 5 टक्के ठेवलाय, तोही सलग मुक्कामाच्या पहिल्या पाच रात्रींपुरता. 2,500 च्या खोलीवर 125, 25,000 च्या खोलीवर 1,250. तिथे वसुली करणाऱ्या लॉजवाल्याला वसुलीतले 2 टक्के कागदपत्रांच्या खर्चापोटी स्वतःकडे ठेवता येतात. तेही मागा, संकोच करू नका, कारण वहीत नोंद, पावती, भरणा हे सगळं तुम्हीच करणार आहात. आणि गर्दीचा खरा त्रास सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांचा असेल तर मुक्कामावर कर लावून काही साधत नाही. व्हेनिसने 2024 पासून ठरावीक गर्दीच्या दिवशी फक्त दिवसाच्या पाहुण्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली, शहरात मुक्काम करणाऱ्यांना त्यातून वगळलं (ते हॉटेलात वेगळा कर भरतातच). आपल्याकडे माथेरानला दस्तुरी नाक्यावर माणशी कर घेतला जातो. नाका एकच असल्याने तिथे ते जमतं. कोकणातल्या गावाला चार रस्ते आणि एक जेट्टी असेल तर नाक्यावरच्या माणसांच्या पगारातच वसुली संपेल.

दुसरी गोष्ट जीएसटीची, आणि इथे बरेच होमस्टेवाले फसतात. कर पर्यटकावर आहे आणि तुम्ही तो फक्त गोळा करून देताय, की कर तुमच्यावर आहे, हे ठरावात स्वच्छ लिहून घ्या. तुमच्यावर असेल आणि तुम्ही तो बिलात लावलात, तर ती रक्कम तुमच्या सेवेच्या किमतीत धरली जाते, तिच्यावरही जीएसटी लागतो आणि ती उलाढालीतही मोजली जाते. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा 20 लाखांची. 19 लाखांवर असलेला माणूस दुसऱ्याच्या पैशांमुळे नोंदणीत ओढला जाईल. बिलात वेगळी ओळ, वेगळी पावती आणि शक्यतो वेगळं बँक खातं ठेवा. बुकिंग ॲपवरून येणाऱ्या गिऱ्हाइकाचा कर ॲपच्या रकमेत मिसळू नका, नाहीतर कमिशन एकूण रकमेवर कापलं जाईल आणि सरकारला पूर्ण रक्कम तुमच्या खिशातून जाईल. तो आल्यावर घ्या, पण बुकिंगच्या वेळीच ठळक सांगा. दारात अचानक पैसे मागितले की वाईट रिव्ह्यू तुमच्या नावावर पडतो, ग्रामपंचायतीच्या नाही.

तिसरी गोष्ट मुदत. भूतानमध्ये 2022 च्या मध्याला दर जाहीर झाला आणि सप्टेंबरमध्ये लागू. एजंटांनी जुन्या दराने छापलेली पत्रकं, घेतलेले ॲडव्हान्स सगळे अडकले. स्कॉटलंडच्या कायद्यात निर्णय आणि अंमल यांच्यात किमान 18 महिने ठेवावेच लागतात, आणि एडिनबराने ठरलेल्या तारखेआधी केलेली बुकिंग करातून वगळली. तुम्हाला 18 महिने कोणी देणार नाही. पण दिवाळी आणि मे महिन्याचं बुकिंग आधीपासून घेतलेलं असतं, तेव्हा निदान एक पूर्ण हंगाम मध्ये जाऊ द्या आणि ठरावाच्या तारखेआधी ॲडव्हान्स घेतलेल्या बुकिंगला माफी, हे वाक्य ठरावात घालूनच सही करा.