ट्रेन सिम्युलेटर नेमका पारसिक बोगद्यापाशीच का बंद पडतो?

आपण लिहिले आहे की ‘ओपन रेल्स’ या ट्रेन सिम्युलेटरमध्ये हौशी मंडळींनी तयार केलेला मार्ग टाकून आपण एक्सप्रेस चालवता, ठाणे आणि कळवा व्यवस्थित पार होते, आणि पारसिक बोगद्याच्या थोडे अलीकडे गेम बंद पडून थेट डेस्कटॉप दिसतो. दोनदा गेम काढून पुन्हा टाकूनही फरक पडलेला नाही, म्हणून आता विंडोजच नव्याने टाकावे का, असा आपला प्रश्न आहे. कृपया तसे करू नका. प्रत्येक वेळी त्याच जागी बंद पडणारा गेम बहुधा संगणकामुळे बंद पडत नाही. त्या जागी जी फाईल उघडली जाते, तिच्यात दोष असतो. गेम पुन्हा टाकला तरी मार्गाचे आणि डब्यांचे फोल्डर जुनेच राहतात, त्यामुळे तो दोषही तसाच राहतो.

मात्र ‘तीच जागा’ म्हणजे पुष्कळदा ‘तीच वेळ’ असते, हे आधी तपासून पाहावे. ॲक्टिव्हिटी (म्हणजे गेममधली आधीच आखून ठेवलेली फेरी) दर वेळी ठरलेल्या घड्याळाने सुरू होते, त्यामुळे समोरून येणारी गाडीही दर वेळी साधारण त्याच ठिकाणी नजरेच्या टप्प्यात येते आणि तिच्या डब्यांची मॉडेल्स तेव्हाच लोड होतात. म्हणून एकदा ॲक्टिव्हिटी न निवडता, नुसता मार्ग फिरून पाहण्याच्या पर्यायातून तीच गाडी घेऊन निघा. बोगदा सुखरूप पार झाला, तर दोष समोरच्या गाडीत शोधावा. तरीही गेम बंद पडला, तर दोष बोगद्याच्या आसपासच्या देखाव्यात असण्याची शक्यता अधिक. मी स्वतः कळव्यात राहतो. १९१६ साली सुरू झालेल्या या बोगद्याचे तोंड पडद्यावर पाहण्यासाठी आपण किती खटपट करत असाल, हे मी समजू शकतो.

यानंतर लॉग, म्हणजे गेम चालताना काय काय घडले याची नोंद, वाचावा. ‘ओपन रेल्स’ तो डेस्कटॉपवर साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहितो. गेम पुन्हा सुरू केला की तो नव्याने लिहिला जातो, म्हणून बंद पडल्याबरोबर त्याची प्रत काढून ठेवावी. हौशी मार्गांच्या लॉगमध्ये इशाऱ्यांच्या शेकडो ओळी असतात. त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी असतात, त्यांना घाबरू नये. फाईलच्या अगदी तळाशी जावे आणि शेवटच्या त्रुटीत कोणत्या फाईलचे नाव आले आहे ते पाहावे. माझ्याकडे एकदा असेच झाले होते, तेव्हा तळाच्या ओळीत लोकलच्या एका डब्याचे नाव होते. ‘ट्रेनसेट’ फोल्डर उघडून आकारमानाचा रकाना पाहिला, तर बाकीच्या डब्यांची मॉडेल्स काही शे केबींची आणि ही एकच शून्य केबीची होती. नक्कल पूर्ण होण्याआधीच मी पेनड्राइव्ह काढला होता. तेवढी एक फाईल पुन्हा आणली आणि गाडी पुढे गेली.

मार्गाचे फोल्डर ‘प्रोग्राम फाईल्स’मध्ये असेल, तर ते तिथून हलवून दुसऱ्या साध्या फोल्डरमध्ये ठेवावे, कारण विंडोज तिथे लिहू देत नाही आणि फाईलींची दुरुस्ती अर्धवट राहते.

गेम कधी दिवा स्थानकात, कधी मुंब्र्याला, कधी नुसता उभा असताना बंद पडत असेल, तरच संगणकाकडे वळावे. ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत करावा, लॅपटॉपच्या पंख्यातली धूळ काढावी (मे महिन्यातल्या आपल्याकडच्या उकाड्यात हे कारण किरकोळ समजू नये), आणि टास्क मॅनेजर उघडा ठेवून मेमरी किती भरते ते पाहावे. आपण ‘ओपन रेल्स’ऐवजी २००१ सालचा मूळ मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर वापरत असाल, तर तो ३२-बिटचा आहे आणि संगणकात १६ जीबी रॅम असली तरी त्याला सामान्यतः २ जीबीच मेमरी वापरता येते. तिथे दाट वस्तीचा देखावा कमी करणे किंवा ‘ओपन रेल्स’कडे वळणे, हेच उपाय उरतात.

लॉगच्या शेवटच्या वीसेक ओळी येथे चिकटवल्यात, तर कोणती फाईल बिघडली आहे ते मी पाहून सांगेन.