‘मी पुस्तक वाचलो’ : सोलापुरी ‘लो’विषयी

सोलापुरात वाढलेल्या आणि सध्या पुण्यात नोकरीला असलेल्या एका वाचक भगिनी आपल्या आजोबांच्या हस्तलिखित आठवणी छपाईसाठी टंकलिखित करीत आहेत. ‘मी १९६८ साली वाचनालय लावलो आणि पहिल्या वर्षात साठ पुस्तके वाचलो’ अशा धाटणीची वाक्ये त्यात पानोपानी आहेत. ‘वाचनालय लावणे’ हा प्रयोग लेखी मराठीत चालेल काय, आणि ‘वाचलो’ हे सगळीकडे बदलून ‘वाचली’ किंवा ‘वाचले’ करावे काय, असे त्यांनी विचारले आहे. सोलापुरातील एका सार्वजनिक वाचनालयात मी तीसहून अधिक वर्षे ग्रंथपाल होतो, त्यामुळे ही दोन्ही रूपे देवघेवीच्या टेबलामागे बसून रोज ऐकली आहेत. टेबलासमोरचे काही सभासद पुढे जन्माचे स्नेही झाले, त्यांच्याही तोंडी हीच रूपे असत. तेव्हा उत्तर देताना मी अगदी तटस्थ आहे, असा दावा करीत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. दूध लावतात, वर्तमानपत्र लावतात, डबा लावतात, शिकवणी लावतात, तसे वाचनालयही लावतात. एखादी गोष्ट ठरावीक मोबदल्यात नियमितपणे मिळत राहील अशी व्यवस्था करणे, हा ‘लावणे’चा रुळलेला अर्थ आहे आणि तो केवळ सोलापूरचा नाही. ‘सभासद झालो’ म्हटले की अनामत, वर्गणी आणि अर्जावरची सही डोळ्यांपुढे येते. ‘वाचनालय लावले’ म्हटले की दर आठ दिवसांनी पिशवीतून पुस्तक बदलायला नेणारा माणूस दिसतो. आजोबांना दुसरे अभिप्रेत आहे. तो शब्द तसाच राहू द्यावा.

खरा मुद्दा ‘लो’चा आहे. प्रमाण मराठीत सकर्मक क्रियापदाचे भूतकाळी रूप कर्माप्रमाणे बदलते : मी ग्रंथ वाचला, मी कादंबरी वाचली, मी पुस्तक वाचले. वाचणारा तोच असला, तरी क्रियापद त्याच्याकडे न पाहता वाचल्या गेलेल्या वस्तूकडे पाहते. याला आपण शाळेत कर्मणी प्रयोग म्हणून शिकतो. सोलापुरी बोलीत मात्र क्रियापद कर्त्याशी इमान राखते. ग्रंथ असो, कादंबरी असो वा दिवाळी अंक, बोलणारा पुरुष ‘वाचलो’च म्हणतो, आणि तसेच ‘मी काम केलो’, ‘मी त्याला सांगितलो’ असेही म्हणतो. काहींच्या बोलण्यात ‘तो पुस्तक आणला’ इथपर्यंत मजल जाते.

स्त्रियांच्या बोलण्यात ही लकब लवकर लक्षात येत नाही, याचा उलगडा मला फार उशिरा झाला. ‘मी पुस्तक वाचले’ हे वाक्य एखाद्या बाईंनी बोलीतले ‘वाचलं’ टाळून लेखी वळणाने उच्चारले, तर त्यातील ‘वाचले’ हे ‘पुस्तक’ या नपुंसकलिंगी कर्माला धरून आले की ‘मी गेले’, ‘मी बसले’ यांप्रमाणे बोलणारीला धरून आले, हे ऐकणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. आमच्या पोस्टातल्या ताई वर्षानुवर्षे शुद्ध बोलतात असा माझा समज होता. एके दिवशी त्या ‘मी ती कादंबरी दोनदा वाचले’ असे म्हणाल्या आणि कोडे सुटले. कर्म स्त्रीलिंगी किंवा एकवचनी पुल्लिंगी आल्याशिवाय हे वळण उघडे पडत नाही.

हे रूप कोठून आले असावे, हे समजण्यासाठी वाचनालय बंद होण्याच्या सुमारास वृत्तपत्रांच्या फळीजवळ जमणारा आमचा घोळका पुरेसा होता. गिरणीत साचे चालवून निवृत्त झालेले अण्णा घरी तेलुगू बोलत, अक्कलकोटकडील शाळेत शिकवणारे मास्तर कन्नड बोलत, आमची फाटकी पुस्तके बांधून देणारे चाचा दखनी, म्हणजे दख्खनची उर्दू, बोलत, आणि ताई व मी मराठी. कन्नडमध्ये ‘मी पुस्तक वाचले’ हे ‘नानु पुस्तक ओदिदे’ असे होते आणि ‘तिने पुस्तक वाचले’ हे ‘अवळु पुस्तक ओदिदळु’ असे. तेलुगूत अनुक्रमे ‘नेनु पुस्तकं चदिवानु’ आणि ‘आमे पुस्तकं चदिविंदि’. दोन्ही भाषांत क्रियापदाचा शेवट कर्त्यावरून ठरतो. पुस्तकाच्या जागी दुसरे काहीही वाचले, तरी त्या शेवटाला धक्का लागत नाही. हिंदीत ‘मैंने किताब पढ़ी’ असे म्हणतात, पण दखनीत तो ‘ने’ बहुधा गळतो आणि चाचा सरळ ‘मैं किताब पढ़ा’ म्हणत. तीन घरांतून तीन भाषा येऊन मराठीत बसल्या आणि तिघींनीही कर्त्याच्या बाजूने मत दिले, तर मराठीचे क्रियापद तिकडे झुकले यात नवल नाही.

तथापि सगळा भार शेजारच्या भाषांवर टाकणेही बरोबर नाही, कारण प्रमाण मराठीच्या घरातच या ‘लो’ला जागा आहे. ‘मी तेलुगू शिकलो’, ‘मी तुमचे नाव विसरलो’, ‘मी चार शब्द बोललो’ ही वाक्ये कोणीही अशुद्ध ठरवीत नाही, आणि या तिन्ही वाक्यांत कर्म आहे. म्हणजे शिकणे, विसरणे, बोलणे यांना जी मुभा व्याकरणाने दिली, तीच सोलापूरकराने वाचणे, करणे, सांगणे यांना देऊन टाकली. शिवाय ‘त्याने’, ‘तिने’ यांतील ‘ने’ कर्ता मागे सरकल्याची खूण देतो, पण ‘मी’ला तसा प्रत्यय लागतच नाही. ‘मी बसलो’मधील मी आणि ‘मी वाचले’मधील मी दिसायला एकच. द्वितीय पुरुषात तर प्रमाण भाषाही दोन्ही डगरींवर पाय ठेवते : ‘तू पुस्तक वाचलेस’ यात ‘ले’ पुस्तकाचे आणि ‘स’ तुझा. जुन्या वैयाकरणांनी याला कर्तृ-कर्मसंकर असे भारदस्त नाव दिले, म्हणून ते शुद्ध ठरले. नाव न मिळालेला आमचा ‘लो’ मात्र गावंढळ ठरला, ही माझी थोडी तक्रार आहे.

या रूपाला हसणारे लोक बहुधा श्लेषाचा आधार घेतात, कारण प्रमाण मराठीत ‘मी वाचलो’ म्हणजे मी बचावलो. हे हसणारे बहुधा विसरतात की हे दोन शब्द मुळात वेगळे आहेत. पुस्तक वाचणे हे संस्कृत ‘वच्’ धातूच्या कुळातले. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वर, जे सोलापूरचे ग्रामदैवत आणि कन्नड वचनकार, त्यांचे ‘वचन’ही त्याच कुळातले. संकटातून वाचणे मात्र हिंदीतील ‘बचना’चे भावंड आहे. आमच्याकडे एकदा व्याख्यानाला आलेल्या एका पाहुण्यांना अण्णांनी आदराने सांगितले की, ‘तुमची दोन्ही पुस्तकं मी वाचलो.’ पाहुणे सर्वांदेखत हसून म्हणाले, ‘दोन्ही पुस्तकांतून वाचलात? थोडक्यात निभावले म्हणायचे!’ अण्णा शांतपणे उत्तरले, ‘आत्ता भाषणपण ऐकलो की. त्यातूनबी वाचलो.’ त्या रात्री चहाचे पैसे चाचांनी कोणालाही देऊ दिले नाहीत.

अर्थाचा घोटाळा होतो हा आक्षेप मला तरी मान्य नाही, कारण तसा घोटाळा प्रमाण रूपांतही होतो. एका पावसाळ्यात छताची पन्हळ तुंबून आमचे चरित्रांचे कपाट भिजले. निरोप न धाडताही चौघे आले, पंख्याखाली पुस्तके उभी उघडून ठेवली, पानापानांत वर्तमानपत्राचे कागद घातले, आणि चाचांनी नव्याने बांधावयाची पुस्तके वेगळी काढली. धडधाकट राहिलेल्या गठ्ठ्यावर मास्तरांनी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली : ‘वाचलेली पुस्तके’. दुसऱ्या दिवशी एका शाळकरी सभासदाने ती पाहून मला विचारले, ‘सर, मग बाकीची कुणीच वाचली नाहीत का?’ यात सोलापुरी व्याकरणाचा काही दोष नव्हता. मास्तरांचे मराठी निर्दोष होते, संदर्भ तेवढा त्या मुलाला ठाऊक नव्हता. ‘पुस्तक’ हे कर्म आहे की ‘पुरातून’, ‘आगीतून’ असे काही शेजारी बसले आहे, यावरून ऐकणारा अर्थ लावतो, आणि सोलापुरातला ऐकणाराही तेच करतो.

मग लेखनात काय करावे? वाचनालयाच्या सूचनावहीत ‘हे पुस्तक मी वाचलो नाही, कृपया मागवावे’ असे लिहिलेले मी कधी दुरुस्त केले नाही. तसे केले असते तर पुढील सूचना आली नसती. त्याच वेळी कार्यकारिणीच्या अहवालात किंवा शासनाकडे जाणाऱ्या पत्रात मी स्वतः ते रूप कधी येऊ दिले नाही, कारण तेथे वाचणाऱ्याला बोलणाऱ्याचा आवाज ऐकू येत नसतो आणि त्याने तो ऐकावा अशी अपेक्षाही नसते. घरी तेलुगू असूनही प्रमाण मराठीवर हुकमत मिळवता येते, याचे उदाहरण सोलापूरला बाहेर शोधावे लागत नाही. मारुती चितमपल्ली येथेच, तेलुगू भाषिक घरात जन्मले, त्यांनी मराठीला जंगलाची आणि पक्ष्यांची परिभाषा दिली, आणि २००६ साली सोलापुरात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या ॲम्फी थिएटरमधील व्याख्यानांहून परतताना आमच्या अण्णांनी हा दाखला मला अनेकदा दिला आहे, आणि प्रत्येक वेळी ‘मी त्यांचं सगळं वाचलो’ अशी पुस्ती जोडली आहे.

आजोबांच्या आठवणी हे शासनाला धाडलेले पत्र नव्हे. निवेदन प्रथमपुरुषी आहे आणि ते त्यांचे बोलणे आहे, म्हणून माझा सल्ला असा की ‘वाचलो’, ‘आणलो’, ‘सांगितलो’ ही रूपे तशीच ठेवावीत, मात्र ती पुस्तकभर सारखीच असतील हे पाहावे. काही पानांवर ‘वाचले’ आणि काहींवर ‘वाचलो’ असे झाले, तर तो मुद्रणदोष वाटेल. प्रास्ताविक आपण लिहिणार असाल, तर ते प्रमाण मराठीत लिहावे आणि त्यात या बोलीची दोन ओळींत नोंद द्यावी.

नमुन्यादाखल आपण पाठविलेल्या पानांवर एक वाक्य असे आहे : ‘गिरणी बंद पडली त्या वर्षी मी वाचलो ते या वाचनालयात.’ यात ना कर्म आहे, ना ‘-तून’ आहे, त्यामुळे कोणते वाचणे अभिप्रेत आहे हे मला संदर्भावरूनही ठरविता आले नाही. ‘ठरविता येत नाही तेच छान’ असे म्हणण्याचा मोह होतो, परंतु संपादकाने तो आवरावा आणि आजोबांना विचारावे. त्यांना पुस्तके म्हणायची असतील, तर ‘जे काही वाचलो ते’ असे दोन शब्द वाढवावेत. दुसरे म्हणायचे असेल, तर वाक्याला हात लावू नये.