यांत्रिक की जीडी ते नंतर बघू, आधी केंद्राचा दाखला काढ

तुझी पोस्ट वाचली. मेकॅनिकल डिप्लोमा, तटरक्षक दलाच्या यांत्रिक (डिप्लोमावाल्यांच्या तांत्रिक) पदाची लेखी पास, मैदानी पास, आणि कागद तपासणीच्या टेबलावर जातीचा दाखला ‘केंद्राच्या नमुन्यात नाही’ म्हणून परत. आता विचारतोयस की पुन्हा यांत्रिकच भरू, नाविक जीडी (जनरल ड्युटी) भरू की नौदलाचं अग्निवीर, आणि कशात कोणता ट्रेड मिळतो. वयाने लहान आहेस म्हणून एकेरी लिहितोय, राग नसावा. अभ्यासक्रम, पुस्तकं, धावायचा सराव यावर काही लिहीत नाही, ते अकॅडमीवाले रोज कानीकपाळी ओरडत असतात. याच टेबलावर याच कारणासाठी अडकलेला माणूस हे लिहितोय, त्यामुळे दाखल्याचं पुराण जरा लांबणार आहे. आणि हो, मी अधिकृत कोणी नव्हे. अटी दर जाहिरातीत थोड्या बदलतात. माझं लिहिणं आणि जाहिरात यांत फरक दिसला तर जाहिरात खरी.

आपल्याकडे सेतूत जाऊन ‘जातीचा दाखला’ मागितला की राज्याच्या नमुन्यातला मिळतो. नॉन-क्रिमीलेअर वेगळं काढावं लागतं. दोन्ही कागद खरे, पण राज्याच्या कामाचे. केंद्राच्या भरतीसाठी ओबीसीचा एकच कागद लागतो आणि त्यात दोन्ही गोष्टी एकत्र असतात: जात केंद्राच्या यादीत कोणत्या ठरावाने आली ते, आणि उमेदवार क्रिमीलेअरमध्ये येत नाही हे. ओळखायची खूण सांगतो. मथळ्यातच भारत सरकारच्या अखत्यारीतील पदांसाठी असं इंग्रजीत छापलेलं असतं आणि खालच्या भागात ८-९-१९९३ च्या कार्यालयीन ज्ञापनाचा उल्लेख असतो. ही तारीख कागदावर दिसली नाही तर तो बहुतेक चुकीचा नमुना आहे, खिडकीवरचा माणूस काहीही म्हणो.

आणि तो म्हणतोच. कार्यालयाचं नाव घेत नाही, पण संवाद तुझ्याही ओळखीचा असेल. ‘दाखला एकच असतो, सगळीकडे चालतो.’ मग जाहिरात दाखवली की ‘ऑनलाइनला तो ऑप्शनच नाही.’ मग ‘साहेब दौऱ्यावर आहेत.’ तोवर कागद तपासणीची तारीख उलटून जाते आणि वर्षभराची मेहनत पाण्यात. सगळ्यात संताप येतो तो उत्पन्नाच्या हिशोबावर. केंद्राच्या ओबीसी निकषात ८ लाखांची मर्यादा मोजताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. नोकरी असेल तर त्यांचं पद कोणत्या गटातलं, हे वेगळं बघतात. तरी खिडकीवर सगळं उत्पन्न एकत्र करून ‘तुम्ही बसत नाही’ म्हणून वाटेला लावलेली पोरं पाहिली आहेत. ईडब्ल्यूएसमध्ये (आर्थिक दुर्बल घटकांत) मात्र पगार, शेती, धंदा सगळं धरतात, वर ५ एकर शेतजमिनीची अट. हे दोन हिशोब एकमेकांत मिसळले की गडबड ठरलेली.

यावर उपाय एकच, तोंडी बोलायचं नाही. जाहिरातीच्या शेवटी परिशिष्टात दाखल्याचा नमुना असतो, त्याची प्रिंट काढ. साध्या कागदावर अर्ज लिहून ती प्रिंट जोड, आवक शिक्का आणि क्रमांक घे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली दाखल्यांना मुदत ठरलेली आहे. ती उलटली की प्रथम अपील करता येतं. अपिलाचा नुसता उल्लेख अर्जात असला तरी साहेब दौऱ्यावरून लवकर परततात असा अनुभव आहे. हे सगळं जाहिरात यायच्या आधी कर. फक्त तारीख बघ: दाखला कोणत्या तारखेनंतरचा चालेल हे जाहिरातीत असतं, दोन-तीन वर्षं जुना घेऊन गेलास तर पुन्हा तेच.

प्रवर्गही तपासून घे. एनटी-सी, एनटी-डी (भटक्या जमाती क आणि ड) हे राज्याचे गट, केंद्रात ते नाहीत. धनगर, वंजारी केंद्रात ओबीसी म्हणून जातात. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) सुद्धा राज्यापुरतंच, केंद्रात त्यांना ईडब्ल्यूएस बसतं का बघायचं. कुणबी दाखला असेल तर ओबीसी. सायबर कॅफेवाला फॉर्ममध्ये जे दाबेल ते शेवटपर्यंत चिकटतं, म्हणून तो रकाना स्वतः भर.

आता दुसरा सापळा, जो तू विचारलाच नाहीस. डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला होतास का? यांत्रिकच्या पात्रतेत दोन वाटा असतात. दहावीनंतर ३ किंवा ४ वर्षांचा डिप्लोमा, ही एक. दहावी आणि बारावी दोन्ही पास असून २ किंवा ३ वर्षांचा डिप्लोमा, ही दुसरी. आयटीआय करून थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्या मुलाचा डिप्लोमा कागदावर दोन वर्षांचा दिसतो आणि बारावी नसते, म्हणजे तो दोन्ही वाटांवर अडकतो. कॉलेजची ऑफिसं याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. शाखेचं नावही जाहिरातीतल्या नावाशी जुळायला हवं: इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, टेलिकम्युनिकेशन. ‘मेकॅनिकलसारखंच आहे’ हा युक्तिवाद टेबलावर चालत नाही.

ट्रेडचं बोलू. लोकांचा समज असतो की भरती झाल्यावर ट्रेड आपण निवडतो. तुझ्या हातात फक्त प्रवेश निवडणं आहे: जीडी, डीबी (डोमेस्टिक ब्रँच) की यांत्रिक. त्याच्या आतला ट्रेड प्रशिक्षणातली कामगिरी आणि दलाची गरज बघून देतात. पसंती विचारली तरी ती पसंतीच. म्हणून प्रश्न असा विचार, की या प्रवेशातला मला सगळ्यात नावडता ट्रेड मिळाला तरी मी पंधरा वर्षं करेन का? उत्तर नाही असेल तर तो प्रवेश भरू नकोस.

पगाराचा फरक आहेच. नाविकाचं मूळ वेतन २१,७००, यांत्रिकाचं २९,२०० आणि वर ६,२०० यांत्रिक वेतन. बढती नाविकांत प्रधान अधिकारी आणि यांत्रिकांत प्रधान सहाय्यक इंजिनिअरपर्यंत, दोघांचा शेवट ४७,६०० च्या श्रेणीला. डिप्लोमा हातात असताना केवळ जागा जास्त दिसतात म्हणून जीडी भरणं मला पटत नाही. शिवाय जीडीच्या लेखीत पहिल्या भागानंतर बारावीचं गणित आणि भौतिकशास्त्र असतं, ५० प्रश्न ३० मिनिटांत, आणि पात्रतेलाही बारावीत हे दोन विषय लागतात. यांत्रिकला त्याच वेळात तेवढेच प्रश्न, पण तुझ्या डिप्लोमाच्या विषयावर.

यांत्रिकाचं काम कसं असतं ते थोडं सांगतो, म्हणजे पगार बघून फसगत नको. बऱ्याच जलद गस्ती जहाजांवर तीन डिझेल इंजिनं आणि तीन वॉटरजेट (पाण्याचा झोत मागे फेकून जहाज ढकलणारी यंत्रं) असतात. इंजिन रूममध्ये वॉचवर (पाळीवर) असताना लॉग (नोंदवही) भरायचा: लुब ऑइलचा दाब, कूलिंग वॉटरचं तापमान, प्रत्येक सिलिंडरचं एक्झॉस्ट तापमान. नुसते आकडे उतरवणारा आणि आकडे वाचणारा यात फरक इथेच पडतो. एकाच सिलिंडरचं एक्झॉस्ट चढलं तर आधी त्याचा इंजेक्टर बघायचा. सगळ्यांचं मिळून चढलं तर हवा कमी पडतेय किंवा भार जास्त आहे. कूलिंगचं तापमान हळूहळू वर सरकतंय आणि समुद्राच्या पाण्याचा दाब उतरतोय, तर स्ट्रेनर (आत येणारं समुद्राचं पाणी गाळणारी जाळी) तुंबलाय. आपल्या किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात त्यात प्लास्टिकच्या पिशव्या आणि जेलीफिश सर्रास निघतात. जोड-स्ट्रेनर (शेजारी शेजारी दोन जाळ्या) असेल तर आधी दुसऱ्या बाजूवर घ्यायचं, तुंबलेल्या बाजूचे व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायचे, व्हेंट आणि ड्रेन उघडून दाब गेल्याची खात्री करायची, मगच झाकणाचे नट सैल करायचे. क्रम चुकला तर समुद्र आत येतो, आणि हे सगळं प्रचंड उकाड्यात, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, जहाज डोलत असताना.

इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी एक गोष्ट, कारण डिप्लोमाच्या वर्गात ती निसटते. जमिनीवर न्यूट्रल अर्थ केलेला (जमिनीला जोडलेला) असतो, जहाजावर साधारणपणे नसतो. त्यामुळे पहिला अर्थ फॉल्ट (एखादी तार जहाजाच्या लोखंडाला टेकणं) झाला तरी काही ट्रिप होत नाही, फक्त इन्सुलेशनचा मीटर खाली येतो किंवा अर्थ लॅम्प मंद होतो. सगळं व्यवस्थित चालतंय म्हणून तो तसाच सोडला आणि दुसऱ्या फेजवर दुसरा फॉल्ट झाला, की थेट शॉर्ट. खाऱ्या हवेत हे व्हायला वेळ लागत नाही. म्हणून सर्किट एकेक करून तोडत पहिला फॉल्ट शोधणं हे कंटाळवाणं काम तिथे फार महत्त्वाचं. असलं चिकाटीचं काम आवडत असेल तर यांत्रिक तुझ्यासाठी आहे.

जीडीत रडार प्लॉटिंग, रेडिओ, गनरी अशी कामं येतात, आणि ट्रेड कोणताही असला तरी दोरखंड, रंगकाम, पहारा सुटत नाही. रेडिओवाल्याने चॅनेल १६ वर (संकटाची हाक याच चॅनेलवर येते) कान ठेवायचा, प्लॉटरने समोरचं जहाज किती जवळून आणि कधी जाणार याचा हिशोब सतत पुढे ठेवायचा. इथे रंगदृष्टीचा प्रश्न येतो. रात्री समोरच्या जहाजाची डावी बाजू लाल दिव्याने आणि उजवी हिरव्या दिव्याने कळते. हे दोन रंग ओळखण्यात गफलत म्हणजे ते कोणत्या दिशेला चाललंय यातच गफलत. ठिपक्यांच्या इशिहारा तक्त्याची चाचणी फॉर्म भरायच्या आधी नेत्रतज्ज्ञाकडे करून घे. रंगदृष्टी सरावाने सुधारत नाही, तक्ते पाठ करून घेणाऱ्या अकॅडमीपासून लांब राहा.

डीबीबद्दल स्पष्टच लिहितो. ते आचारी आणि स्टुअर्डचं काम आहे, त्यात मांसाहारी स्वयंपाकही आला आणि मेसमध्ये वाढणंही. काम मानाचंच आहे. पण ‘आधी आत शिर, मग ट्रेड बदलून घे’ या सल्ल्यावर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

अग्निवीरचं थोडक्यात. एसएसआरला (नौदलाच्या अग्निवीरांचा बारावी पातळीचा प्रवेश) अलीकडच्या जाहिरातींत ५० टक्क्यांसह तीन वर्षांचा डिप्लोमाही चालतो, शाखांची यादी बघ. ट्रेड तिथेही ओडिशातल्या आयएनएस चिलका या प्रशिक्षण तळावरच ठरतो. पुढचं प्रशिक्षण इंजिनिअरिंगवाल्यांना लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत, इलेक्ट्रिकलवाल्यांना जामनगरच्या आयएनएस वलसुरात. पण चार वर्षं, आणि नंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम. तटरक्षक दलाला अग्निपथ (ज्याखाली अग्निवीर भरतात ती योजना) लागू नाही. वय २२ च्या आत असेपर्यंत, ओबीसीला तीन वर्षं सवलत धरून, मी यांत्रिकलाच प्राधान्य देईन. तुझी घरची निकड वेगळी असेल तर हिशोब बदलेल, तो तुझा तू कर.

सुटे मुद्दे. दहावीच्या कागदावर नाव आहे तसंच आधारवर करून घे. बोर्डाचा कागद बदलण्यापेक्षा आधार दुरुस्त करणं सोपं. आपल्याकडे आडनाव आधी छापतात, त्यामुळे फॉर्म भरताना नाव-आडनाव उलटं पडतं. मेडिकलच्या आधी कानातला मळ आणि दातांवरचं कीटण डॉक्टरकडून काढून घे, या दोन फुटकळ कारणांवरून थांबवलं तर नाहक परत हेलपाटा. हातावर नवा टॅटू काढू नकोस. मैदानीत १.६ किलोमीटरला ७ मिनिटं मिळतात, पण लगेच २० उठाबशा आणि १० पुशअप असतात, तेव्हा सराव तिन्हीचा सलग कर. उठाबशा अर्धवट बसून काढल्या तर मोजत नाहीत.

पुढच्या वेळी लिहिशील तेव्हा तीन गोष्टी टाक: मार्कशीटवर डिप्लोमाचं नाव जसंच्या तसं, प्रवेश पहिल्या वर्षाला होता की थेट दुसऱ्या, आणि दाखल्यावर ८-९-१९९३ आहे का. दाखल्याचा फोटो मात्र इथे टाकू नकोस, त्यावर तुझा पत्ता आणि वडिलांचं नाव असतं.